दोन-तीन वर्षं

डॉक्टर शालन ठोसर यांनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने एक जाड रेघ काढली. खालून वर, मग आडवी, मग पुन्हा खाली. घोड्याच्या नालासारखा आकार तयार झाला.

"हे मोठं आतडं," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्याची नळी इथून आत जाते आणि इथपर्यंत पोचते. पाऊण तासाचं काम आहे."

गोपीनाथ खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. सगुणाने चित्राकडे पाहिलंच नाही. तिने मांडीवरच्या पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली.

"पण पोटाची त्याची काहीच तक्रार नाहीये, डॉक्टर."

"तक्रार नाहीये म्हणूनच सांगतेय," डॉक्टर म्हणाल्या.

ठाण्याच्या या हॉस्पिटलात ही बहीण-भाऊ नऊ वर्षं येत होती, आणि इतक्या वर्षांत इथे फक्त छातीचं बोलणं झालं होतं. गोपीनाथला सिस्टिक फायब्रोसिस होता. हे नाव डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्यांच्या कोळीवाड्यात कुणालाच उच्चारता येत नसे. पोर सारखं खोकतं, अंग धरत नाही, आणि मुका घेतला तर ओठांना खारट लागतं, एवढंच भागीरथीला, त्याच्या आईला, माहीत होतं. कोळ्याचं पोर खारटच असणार, म्हणून बायका हसल्याही होत्या. तो सात वर्षांचा असताना मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी घाम तपासून आजार ओळखला होता. असे रुग्ण आपल्याकडे फार सापडत नाहीत, असं तेव्हा ते म्हणाले होते. छातीत घट्ट कफ साचत जातो, तो रोज मोकळा करावा लागतो, आणि मूल पंधरा वर्षांपलीकडे काढेल याची खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

आता गोपीनाथ एकतिशीत होता.

डॉक्टर शालन सावकाश समजावून सांगत होत्या. पूर्वी ही मुलं लहानपणीच जात, त्यामुळे छातीशिवाय दुसरं काही बघायची वेळच येत नसे. आता परदेशात ती तिशी-चाळिशी गाठायला लागली आहेत, आणि त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आणि लवकर दिसू लागला आहे. त्यात गोपीनाथचा मोरूमामा सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच दुखण्याने गेलेला. ही तपासणी करायलाच हवी असा नियम अजून कुठेच नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पण त्यांचा स्वतःचा भाऊ असता तर त्यांनी ती करून घेतली असती.

"आधी लहानशी गाठ येते," त्या म्हणाल्या. "तिचा कॅन्सर व्हायला दहा वर्षं लागतात. आत्ता सापडली तर लगेच काढून टाकता येते. दहा वर्षांनंतरचं दुखणं आजच टाळायचं, एवढंच."

दहा वर्षं. गोपीनाथबद्दल बोलताना हा आकडा आजवर कुणी तोंडातून काढला नव्हता. सगुणा एकदम उभी राहिली. उभी का राहिले हे तिला कळेना, म्हणून तिने पंख्याचा वेग कमी केला आणि परत येऊन बसली.

घरी भागीरथीने सगळं ऐकून घेतलं. ती कोलीम, म्हणजे बारीक जवळा, वाळवायला पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "छातीचा काय कमी व्हता, म्हणून आता पोटाचा काढलाय?"

सगुणा गोपीनाथपेक्षा पाच वर्षांनी मोठी. भागीरथीला मासळीची टोपली घेऊन पहाटेच बाजार गाठावा लागे, म्हणून बाराव्या वर्षी त्याची छाती मोकळी करायचं काम सगुणाकडे आलं. सकाळी पाचला आणि संध्याकाळी सातला. गोपीनाथ उशीवर पालथा पडे, डोकं खाली लोंबकळत, आणि ती ओंजळीसारखे हात करून त्याच्या पाठीवर थापा मारी. अर्धा तास, कधी पाऊण. वडील गेले, खाडीत कारखान्यांचं पाणी येऊन मासळी मेली, सगुणा महापालिकेच्या बालवाडीत शिकवायला लागली, गोपीनाथ आंबिवलीच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसला चिकटला. त्या दोन वेळा मात्र बदलल्या नाहीत. चोवीस वर्षांत ती एकदाही मुक्कामाला कुठे गेली नव्हती.

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत मेकॅनिक असलेल्या दौलतचं स्थळ गेल्या वर्षी आलं होतं. बेचाळीस वर्षांचा, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एका रविवारी मावशीबरोबर सगुणा त्याचं घर बघून आली. दोन खोल्या, घासून पालथी घातलेली भांडी, दोरीवर सारख्या अंतरावर लावलेले चिमटे. चहा त्यानेच केला. कप विसळायला ती उठली, तर तोवर त्याने विसळूनही टाकले होते. परतताना ती मावशीशी फारसं बोलली नाही. पुढच्या आठवड्यात दौलतने निरोप विचारला तेव्हा ती म्हणाली होती, दोन-तीन वर्षं थांबाल का? त्याने कारण विचारलं नाही. थांबतो म्हणाला.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, निदान सगुणाला तसं वाटत होतं.

तपासणीचा खर्च गोपीनाथच्या आवाक्यातला नव्हता. कारखान्याचा मेडिकल फंड होता, आणि त्याच्या कमिटीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायची. कमिटीने गोपीनाथला बोलावलं आणि आजाराची माहिती असलेलं घरचं कुणीतरी बरोबर आणायला सांगितलं. सगुणाने बालवाडीला अर्ज दिला आणि त्याच्याबरोबर आंबिवलीला गेली.

ऑफिसबाहेरच्या बाकावर आधीच एकजण बसला होता. बॉयलरवरचा धोंडिबा. त्याच्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, त्यासाठी अर्ज होता. म्हातारा आता चाचपडत चालतो, परवा चुलीवर हात पडला, असं त्याने न विचारताच सांगितलं. सगुणाने मान डोलावली. तिला बसवेना. ती उठून सूचनाफलकावरचे कागद वाचू लागली, दोनदा वाचून झाल्यावर परत येऊन बसली, पुन्हा उठली. पुठ्ठ्याच्या लगद्याचा आंबूस वास सगळीकडे भरला होता.

आत चौघं होते. वर्क्स मॅनेजर, वेल्फेअर ऑफिसर, युनियनचा दगडू आणि कारखान्याचे डॉक्टर. डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. हा आजार मी पुस्तकात वाचलाय, असा माणूस मात्र पहिल्यांदाच बघतोय, असं त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं. शालनबाईंचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं होतं, त्यातलं काही खोटं आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"पण फंड एकच आहे," ते म्हणाले. "या एका तपासणीच्या खर्चात तीन माणसांचे मोतीबिंदू निघतात. ती माणसं आठवड्यात बघायला लागतात. इथे आपण दहा वर्षांनी कदाचित होईल असं दुखणं शोधायला निघालोय. मग मला विचारावंच लागतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती दहा वर्षं आहेत का?"

दगडूने खुर्ची सरकवली. वेल्फेअर ऑफिसर समोरच्या फायलीत बघू लागला. डॉक्टरांचा आवाज कठोर नव्हता, आणि त्यामुळे उत्तर देणं जास्तच अवघड होतं.

"सात वर्षांचा होतो तेव्हा पंधरा म्हणालेले," गोपीनाथ म्हणाला. "मग पंचवीस म्हणाले. त्यानंतर कुणी सांगितलं नाही, मीपण विचारलं नाही."

"अंदाजे?"

गोपीनाथला खोटं बोलता येत नसे, लहानपणापासून. सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती, आणि कॉलर मागून किंचित विरलेली होती. शर्ट तीनेक वर्षांपूर्वीचा. नवा घे म्हटलं की तो चाललंय की म्हणायचा.

"अठ्ठावन्नला रिटायर होईल तो," सगुणा म्हणाली. "इथूनच होईल."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"कशावरून म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं. विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"रोज दोनदा त्याची पाठ माझ्या हाताखाली असते, साहेब. चोवीस वर्षं. आत कुठे किती साचलंय ते हाताला लागतं. थाप मारली की आवाज बदलतो." ती थांबली. "पाच-सहा वर्षांपूर्वी उजवीकडे खाली पार दगड असायचा. गेल्या वर्षापासून ते मोकळं व्हायला लागलंय. एक्सरे काढून बघा. मी सांगतेय तसाच येईल."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दगडू म्हणाला, टाइम ऑफिसात याच्याइतक्या कमी रजा कुणाच्याच नाहीत, रजिस्टर मागवा. मॅनेजरने रजिस्टर मागवलं नाही. दोघांना बाहेर थांबायला सांगितलं.

वीस मिनिटांनी मंजुरी मिळाली. धोंडिबाचा अर्ज पुढच्या तिमाहीला गेला. तो आतून बाहेर आला तेव्हा सगुणा जिन्याकडे निघाली होती. तिला थांबावं लागलं.

"भावाचं झालं ना?" त्याने विचारलं.

"झालं."

"बरं झालं," धोंडिबा म्हणाला, आणि डबा उचलून बॉयलरकडे चालू लागला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सगुणाला वाटलं, असती तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडा तिचं कशातच लक्ष लागलं नाही. बालवाडीत मुलांकडून तेच गाणं तिने ओळीने तीनदा म्हणून घेतलं, शेवटी मुलंच कंटाळून गप्प झाली. दुकानात गेली आणि काय आणायचं होतं ते विसरून परत आली. कमिटीसमोर बोललेलं वाक्य सारखं कानात येत होतं. ते खोटं नव्हतं. अठ्ठावन्नातून एकतीस गेले, सत्तावीस. तेव्हा आपण त्रेसष्टच्या असू, हा हिशेब तिने भाजी चिरताना केला आणि विळी बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहिली. समोर खाडी ओसरली होती, चिखलात एक होडी कलंडून पडली होती. तिला भावाचं भलं झालेलं हवं होतं, त्यात शंका नव्हती. मग हे छातीत काय अडकलंय, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तपासणी झाली. आदल्या दिवसापासून गोपीनाथच्या पोटात औषधाच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. त्याच्या अंगातलं मीठ लवकर कमी होतं, म्हणून शालनबाईंनी एक दिवस आधीच त्याला दाखल करून सलाईन लावलं होतं. सगुणा बाहेर थांबली. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेचाळीस फरश्या होत्या.

अखेर शालनबाई बाहेर आल्या. मटारएवढी एक गाठ सापडली होती आणि लगेच काढून टाकली होती. आठ दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण तशीच राहिली असती तर चाळिशीच्या आसपास होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी गोपीनाथच्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख टाकली. मार्च २०००. अजून तीन वर्षं होती. दोन हजार हा आकडा त्यांनी इतक्या सहज लिहिला, की गोपीनाथने कार्ड हातात घेऊन ते दोनदा वाचलं.

हॉस्पिटलच्या आवारात कॅन्टीन होतं. दोघं चहा घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसली. ऊन चढलं होतं. गोपीनाथने कार्ड खिशात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

"ताय, कमिटीत बोललीस ते खरं होतं?"

"कुठलं?"

"माझ्या छातीचं. गेल्या वर्षापासून मोकळं होतंय ते."

"खरंच होतं. खोटं कशाला बोलू?"

गोपीनाथने चहाचा घोट घेतला. रस्त्यावरून एक रिक्षा आवारात वळली, एका म्हातारीला उतरवून गेली. ती आत जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत होता.

"मग दौलतरावांना दोन-तीन वर्षं का सांगितलीस?"

सगुणाने कप कट्ट्यावर ठेवला. दौलत त्याला दिवाळीत कल्याणच्या बाजारात भेटला होता. भावालाही ठाऊक असणार असं समजून तो बोलून गेला होता. गोपीनाथने चार महिने ते पोटात ठेवलं होतं.

"रागावलायस?" तिने विचारलं.

"नाही." तो थोडं हसला. "मीपण तेवढीच धरलेली. पेन्शनचा फॉर्म आलेला ऑफिसात. सगळ्यांचे भरून घेतले, माझाच नाही भरला. म्हटलं, कशाला."

त्याच्या या बोलण्याने तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"पण मला माहीत नव्हतं," गोपीनाथ म्हणाला. "तुझ्या हाताला तर कळत होतं."

तिने उत्तर शोधून पाहिलं. भाऊ म्हणून, आई म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, यातलं काहीच पुरेसं नव्हतं. डोळ्यांपुढे सारखी ती दोन खोल्यांची जागा येत होती, जिथे तिच्यासाठी काहीच करायचं शिल्लक नव्हतं, साधे कप विसळायचेसुद्धा. त्या दिवशी तिथून परतताना तिला भीती वाटली होती, आणि ती भीती झाकायला भावाचा आजार हाताशी होता. तिने तो वापरला होता. एवढंच होतं ते. असं स्वतःशी म्हटल्यावर ते फार लहान वाटलं आणि फार जडही.

"मीपण एक सांगितलं नाहीये," गोपीनाथ म्हणाला. "इथल्या व्यायामवाल्या बाईंनी मला श्वासाचं शिकवलंय. आपलं आपणच कफ मोकळा करायचा, दुसऱ्याने थापायला लागत नाही. गेल्या वर्षापासून करतोय, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या स्टोअरमध्ये. त्याने कमी झालंय."

"वर्षभर? आणि मला बोलला नाहीस?"

"काय बोलणार होतो? तुझी आता गरज नाही, असं?"

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. तो नजर चुकवून कपाच्या तळाशी उरलेला चहा गोल फिरवत होता. लहानपणी डोकं खाली लोंबकळत असताना तो असाच जमिनीकडे बघत बोलायचा, शाळेतलं, मारामाऱ्यांचं, नापास झाल्याचं. सगळं त्याने तिला तोंड न दाखवता सांगितलं होतं.

"दाखव," ती म्हणाली.

"इथे?"

"इथे. कसं करतोस ते बघू दे."

गोपीनाथने आजूबाजूला पाहिलं. मग पाठ ताठ केली, खोल श्वास घेतला, क्षणभर धरला आणि काचेवर वाफ सोडावी तसा तोंडाने जोरात बाहेर टाकला. तीनदा. चौथ्यांदा खोकला आला. त्याने रुमालात थुंकून रुमाल घडी केला. आतलं सुटल्याचा तो ओला आवाज सगुणाला चांगलाच ओळखीचा होता. पहाटे अर्धा तास थापल्यावर तो येई. इथे तो दोन मिनिटांत आला होता.

"बरं जमतंय," ती म्हणाली.

ती उठली. पदर नीट केला. कॅन्टीनच्या भिंतीला एक रुपया टाकायचा लाल फोन होता. तिने गोपीनाथकडे सुटा रुपया मागितला. त्याने दोन दिले, कुणाला फोन ते विचारलं नाही.

विठ्ठलवाडी डेपोचा नंबर तिला पाठ होता, वर्षभरात एकदाही लावला नसला तरी. कुणीतरी उचलला. दौलत आहेत का, तिने विचारलं. गाडीखाली आहेत, थांबा, असं म्हणून तो माणूस हाका मारत गेला. इंजिनाची घरघर, लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं. काय बोलायचं ते तिने वाक्यं जुळवून ठेवलं होतं. दोन-तीन वर्षं म्हणाले होते ते चुकलं, असं सुरू करायचं होतं. पुढचं सगळं ती तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली.

"हॅलो," दौलत म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"सगुणा बोलतेय. डोंबिवलीची."

"बोला."

जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. तिने फोनची तार बोटाला गुंडाळली, सोडली.

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" तिने विचारलं.

पलीकडे थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला, कुणीतरी गाडी थांबवली असावी.

"पहाटे पाचला," दौलत म्हणाला. "पण ते मीच भरतो."

सगुणाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. कट्ट्यापाशी गोपीनाथ दोन्ही कप एकात एक घालून उभा होता, फोनकडे पाठ करून.

"मग मला सहापर्यंत झोपता येईल," ती म्हणाली.